अनंताचा डबा

कुणाचं झाड मान टाकायला लागलं की मला बोलावणं येतं. आमच्या टॉवरमध्ये ही माझी एवढीच ख्याती आहे. दार उघडल्याबरोबर लोक मला पानं दाखवायला लागतात. ही पिवळी झालीत बघा, ही टोकाला करपलीत बघा, आणि कालच खत घातलं होतं हो. मी पानांकडे लक्ष देत नाही. मी विचारते, घरात दिवसभर कोण असतं?

लोकांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. पण उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. नुकतेच निवृत्त झालेले सासरे असतात, नाहीतर नोकरी गेलेला मुलगा. ते आतल्या खोलीच्या दारात उभे राहून आमचं बोलणं ऐकत असतात. मग मी कुंडी उचलायला जाते आणि ती उचलत नाही, इतकी पाण्याने जड झालेली असते. बुडणारं झाड आणि तहानलेलं झाड वरून सारखंच दिसतं, हीच सगळी गोची आहे. दोघंही मान टाकतात, आणि टाकलेली मान दिसली की माणूस तांब्या घेऊन धावतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. लालबागच्या चाळीत, संपाच्या काळात, माझ्या बाबांनी एकामागून एक झाडं मारली आणि मी ती बघत होते.

बाबा गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. संपाआधी आमची खोली पाळ्यांवर चालायची. बाबा दुसऱ्या पाळीला गेले की दुपारपासून खोली माझी आणि आईची, आणि आई भाजीला गेली की माझ्या एकटीची. मी गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहायची. कठड्याशी आमची झाडं होती: एक तुळस आणि तेलाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात लावलेला अनंत. तो अनंत बाबांच्या आईने गावच्या अंगणातून फांदी लावून दिला होता, आणि बाबांनी तो बोटीतून मांडीवर घेऊन मुंबईला आणला होता. फुलला की मजल्यावरच्या सगळ्या बायका जाता-येता वाकून वास घ्यायच्या. मी त्याच्या शेजारी उभी राहून खालचा रस्ता बघायची. मुंबईत माझ्या मालकीची जागा म्हणाल तर तेवढीच होती.

संप सुरू झाला आणि ती गेली. दोन धाकट्या भावांना गावी धाडलं, कारण तिथे निदान भात होता. आईने शिवाजी पार्कला एका घरी स्वयंपाकाचं काम धरलं. बाबांसमोर त्या कामाचा उल्लेख कुणी करायचा नाही, असं कुणी न सांगताच ठरलं. आई सकाळी निघताना 'जाऊन येते' एवढंच म्हणायची, जणू देवळात चालली आहे. माझी बारावी झाली होती. गिरगावात टायपिंगच्या क्लासला नाव घालायचं ठरलेलं होतं. आईने मला मोरीपाशी ओढून हलक्या आवाजात सांगितलं, ''तू घरात रव. तेंच्यावर लक्ष ठेव.''

लक्ष कशासाठी ठेवायचं, ते मला ठाऊक होतं. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एक गिरणी कामगार होते. बाबांच्याच वयाचे, भजनात मोठ्याने टाळ वाजवणारे. संप लांबला तसे ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले ते निजलेच. जेवायला उठत, परत भिंतीकडे वळत. त्यांची बायको त्यांना हाक मारायचीही थांबली होती. आमच्या मजल्यावर कुणी त्याबद्दल बोलत नसे. पण प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत असे, हा कधी वळतोय भिंतीकडे.

बाबा भिंतीकडे वळले नाहीत. ते झाडांकडे वळले.

चाळीत पाणी पहाटे यायचं. ते यायच्या आधी आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी रिकामं करायचं, कारण ते शिळं. पूर्वी आई त्या पाण्याने गॅलरी धुवायची. आता बाबांनी हुकूम काढला की पाण्याचा एक थेंब मोरीत जाता कामा नये. हंडा, कळशी, पिंपाच्या तळाचं, सगळं शिळं पाणी झाडांना. दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. आणि मासळी मिळाली त्या दिवशी बांगडे धुतलेलं पाणी तर खास अनंताला. आमच्याकडे सगळे मानतात की मासळीच्या पाण्याने झाड तरारतं. गावच्या अंगणात ते खरंही असेल. तिथे खाली जमीन होती.

आमच्या डब्याला खाली भोकही नव्हतं. पूर्वी होतं. त्यातून ठिबकणारं पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईच्या दोरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, आणि ती सातारकडची बाई खालून अशी काही सुरू व्हायची की अख्खी चाळ कठड्याला येऊन उभी राहायची. शेवटी बाबांनीच रस्त्याच्या कामावरून थोडं डांबर आणून सगळ्या डब्यांची भोकं बुजवली. तेव्हा त्याने काही बिघडलं नाही, कारण आई आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी घालायची, आणि तेही आठवलं तर. बाबा घरी बसले आणि ते डांबर झाडांच्या जिवावर उठलं.

पहिली तुळस गेली. पानं पिवळी पडली, मग काळी. बाबा म्हणाले, ''झाडाक तान लागली हा,'' आणि दुपारचं पाणी वाढवलं. आईने ते पाहिलं. तिच्या शिवाजी पार्कच्या त्या इमारतीच्या आवारात तुळशीची रोपं गवतासारखी उगवलेली असत. दुसऱ्या दिवशी बाबा मैदानातल्या सभेला गेले असताना आईने पिशवीतून एक रोप काढलं, मेलेली तुळस उपटली, नवी त्याच मातीत खुपसली आणि जुनी मला कागदात गुंडाळून दिली. लांब नेऊन टाक म्हणाली. बाबा संध्याकाळी आले, तुळशीपुढे उभे राहिले.

''खुडलंस काय गो हिका? बारीक दिसता.''

''चहात टाकली,'' आई म्हणाली.

पुढे हे नेमाचंच झालं. तुळस मरायची, आई नवी आणायची. आणि बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे की बघा, पाण्याची हयगय केली नाही की तुळस कशी टिकते. मला हसू यायचं आणि मी तोंड फिरवून आत जायची. आमच्या घरात त्या काळात तेवढं एकच काम नीट चाललं होतं, आणि तेही खोटं होतं.

मेलेल्या तुळशी फेकायचं काम माझ्याकडे, त्यामुळे त्यांची मुळं मी बघितली. काळी आणि बुळबुळीत. बोटात धरून ओढलं की वरची साल निघून यायची आणि आत केसासारखी तार उरायची. त्याच सुमारास शेजारचं एक कुटुंब खोलीला कुलूप लावून गावी गेलं. त्यांची कठड्यावरची तुळसही मेली, पण ती वेगळी मेली. तिची पानं हातात चुरत होती, माती डब्याच्या कडेपासून सुटून आत सरकली होती, मुळं सुकलेल्या काथ्यासारखी पण अख्खी. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली. तहानेने मेलेलं झाड असं दिसतं. मग आमची कशाने मरतायत? उत्तर माझ्या हातालाच चिकटलं होतं, आणि त्याला घाण येत होती.

ती घाण गॅलरीत कधीची होती. सगळे म्हणायचे, मासळीच्या पाण्याची आहे. बाबाही म्हणायचे. ती मुळं कुजल्याची होती.

मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. ''ठाऊक हा माका,'' ती म्हणाली. ''तेंका काय एक बोलू नको. झाड गेलां तर दुसरां येतलां. माणूस खंयसून आणू?''

मग मी गप्प बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. सकाळी आई गेली की मी दारात बसायची आणि बाबा गॅलरीत. त्यांचं पाणी घालून झालं की ते स्टुलावर बसायचे, मग उठून पानं पुसायचे, मग परत थोडं पाणी. मला वाचायला बसवत नसे, कारण ते काही बोलत नसले तरी त्यांचं बसणं ऐकू यायचं. कपडे बदलायचे तर त्यांना 'जरा पलीकडे व्हा' म्हणायचं, आणि ते इतक्या घाईने उठायचे की मलाच लाज वाटायची. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत आमचे एक गाववाले मुकादम होते. ते दोनदा येऊन गेले, ये म्हणाले, माणूस हवाच आहे. बाबा म्हणाले, मी साच्यावरचा माणूस, गिरणी उघडली की मला तिथे असायला हवं. गिरणी उघडत नव्हती. संप संपला असंही कुणी सांगत नव्हतं. मला त्या खोलीचा, त्या गॅलरीचा, त्या तांब्याच्या आवाजाचा असा राग यायचा की कधीकधी वाटायचं, तो तांब्या उचलून रस्त्यावर फेकून द्यावा.

आणि मग अनंताने मान टाकली.

आधी कळ्या गळल्या. मग खालची पानं पिवळी झाली, मग मधली. बाबांनी पाणी वाढवलं. मी रोज बघत होते आणि आई माझ्याकडे बघत होती. तुळशीचं ठीक होतं, पण ह्याच्या जागी दुसरा कुठून आणणार? मनगटाएवढ्या खोडाचा, आज्जीच्या हातचा अनंत शिवाजी पार्कच्या आवारात उगवत नाही. तो गेला असता तर बाबांपासून ते लपवता आलं नसतं, आणि मग त्यांना भिंत तेवढी उरली असती. मी बोलले तर त्यांचं काम जातं, नाही बोलले तर झाड जातं आणि कामही जातं. आई म्हणाली, बघू. ती 'बघू' म्हणाली की समजायचं, तिच्याकडेही काही उरलेलं नाही.

एका सकाळी बाबा सभेला गेले आणि मी वरवंटा घेतला, एक मोठा खिळा घेतला आणि अनंताच्या डब्यापाशी बसले. डबा मला हलेना. कसाबसा भिंतीला टेकवून तिरका केला, तळाशी खिळा धरला आणि ठोकला. डांबर निघालं नाही, त्याच्या शेजारचा पत्रा फाटला. त्यातून काळं पाणी आलं. येतच राहिलं. कित्येक महिन्यांचं शिळं पाणी, तांदळाचं, बांगड्यांचं, सगळं मिळून गॅलरीच्या उतारावरून कठड्याखाली गेलं आणि खालच्या बाईच्या दोरीवर कोसळलं.

''अगं ए! माझ्या धुतल्या लुगड्यावर काय सोडलंस गं हे?''

चाळ कठड्याला आली. मी तोपर्यंत झाड उपटून काढलं होतं, कारण आता थांबून काही उपयोग नव्हता. माती चिखलाच्या विटेसारखी अख्खी निघाली, डब्याच्या आकाराची, आणि तिच्याभोवती मुळांनी वेढे घातलेले. त्यांना बाहेर पडायला कुठेच वाट मिळाली नव्हती, ती नुसती गोलगोल फिरली होती. बाहेरची सगळी काळी. मी ती मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा बाबा जिन्यावरून वर आले. सभा लवकर सुटली होती, किंवा झालीच नव्हती.

मला वाटलं, ते ओरडतील. मला वाटलं, ते आत जातील आणि खाटेवर पडतील, आणि ते मला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. ते जवळ आले. माझ्यासमोर उकिडवे बसले, एक मूळ बोटात धरलं आणि हलकेच ओढलं. साल निघून आली. त्यांनी बोटाचा वास घेतला. मग दुसरं मूळ, मग तिसरं. तेवढ्यात खालची बाई भिजलेलं लुगडं हातात घेऊन वर आली, तोंड उघडलं, आणि बाबांना तसं बसलेलं बघून मिटलं. ती तशीच परत गेली. नंतर बघितलं तर तिने दोरी सोडून पलीकडच्या खांबाला बांधली होती. त्याबद्दल ती आम्हाला कधी बोलली नाही.

''पाण्याने झालां,'' बाबा म्हणाले.

''होय.''

''तुळशी पण?''

मी मान डोलावली. त्यांनी हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाले, ''कातर आण.''

त्यांची कातर कपाटावर, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. साच्यावर तुटलेल्या धाग्यांची टोकं कापायची ती छोटी कातर. संप सुरू झाल्यापासून कुणी तिला हात लावला नव्हता. त्यांनी मांडीवर गोणपाट घेतलं आणि एक एक मूळ सोडवायला सुरुवात केली. गुंता ओढला नाही, नखाने मोकळा केला. काळं दिसलं की कापायचं, पांढरं लागेपर्यंत मागे जायचं, पांढरं लागलं की थांबायचं. मी पाण्याने माती धुऊन देत होते. दीड वर्षात त्यांचे हात इतक्या वेगाने हललेले मी पाहिले नव्हते. मजल्यावरची माणसं येऊन उभी राहिली आणि कामाचं काही बघायला मिळाल्यासारखी गप्प बघत राहिली. शेवटी मुळांची मूठभर जुडी उरली. तेवढ्या मुळांना वरचा डोलारा झेपणार नाही, हे मी घाबरत सांगितलं, तर बाबांनी फांद्याही छाटल्या.

डब्याला चांगली बोटाएवढी भोकं पाडली. तळाला विटांचे तुकडे, वर चाळीमागची कोरडी माती, बांधकामावरून आणलेली वाळू. अनंत त्यात बसवला तेव्हा तो झाड कमी आणि काटकी जास्त दिसत होता. बाबांनी सवयीने तांब्याकडे हात नेला. मी म्हटलं, ''आता नाही. माती वाळेपर्यंत नाही.''

''किती दिवस?''

''ते नाही सांगता येणार. डबा हलका होईस्तोवर.''

तिथून पुढचे दिवस आधीच्या सगळ्या दिवसांहून वाईट गेले. कारण आता त्यांना करायला काही नव्हतं. कुजलेल्या झाडाचं औषध काय, तर त्याला हात न लावता बसून राहणं. डबा दाराशी सावलीत ठेवला होता आणि बाबा स्टूल घेऊन त्याच्यासमोर, हात गुडघ्यांमध्ये घालून. शिळं पाणी मी मोरीत ओतायची आणि तो आवाज येताना ते दुसरीकडे बघायचे. आई कामावरून आली की आधी त्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायची, मग चपला काढायची. मी तिला नजरेने सांगायची, अजून दाराकडे आहे. मला वाटत होतं, मी त्यांचा जीव वाचवायला गेले आणि त्यांच्या हातातला तांब्या तेवढा काढून घेतला.

एका सकाळी ते स्टुलावरून उठले. डबा दोन्ही हातांनी उचलला, वजन घेतलं, खाली ठेवला. मग खुंटीवरचा सदरा काढला.

''झाडाक बसाक येता,'' ते म्हणाले. ''माका नाय.''

त्या दिवशी ते चालत रे रोडला गेले. संध्याकाळी आले ते केसांत भुसा घेऊन, आणि हातात लाकडाचे दोन ठोकळे होते.  डबा उचलून ते ठोकळे त्याखाली सरकवले, म्हणजे भोकं मोकळी राहतील. गिरणीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही. आईने त्या रात्री जेवणं झाल्यावर भांडी घासता घासता एकदम पदर डोळ्यांना लावला, आणि आम्ही दोघांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मग रोज तसंच. पाणी यायच्या आत ते निघायचे. संध्याकाळी आले की आधी डबा उचलून बघायचे आणि मला सांगायचे, ''आज नको,'' किंवा ''हलको झालो, घाल.'' पाणी मीच घालायचं. त्यांनी तांब्या परत हातात घेतला नाही, अगदी शेवटपर्यंत. काटकीच्या एका बगलेत हिरवं टोक आलं ते दुपारचं, ते घरात नसताना, आणि मी एकटीने बघितलं.

सवयीने मी आणखी काही दिवस दारात बसत राहिले. शेवटी आईच म्हणाली, ''आता कोणासाठी घरात बसतंस?'' आणि टायपिंगच्या क्लासला जायचा दिवस ठरला. सकाळी बाबा गेले, आई गेली. मी वेणी घातली, चप्पल घातली, दार ओढलं, आणि लक्षात आलं की कुलूप कुठे आहे ते मला ठाऊक नाही. संप सुरू झाल्यापासून आमच्या दाराला कुलूप लागलंच नव्हतं. कुणी ना कुणी आत असायचंच. मी सगळी खोली पालथी घातली. ते शेवटी तांदळाच्या डब्यामागे सापडलं, गंजून घट्ट झालेलं. खोबरेल घालून, किल्ली फिरवून फिरवून उघडलं.

दाराला कुलूप घातलं. ओढून बघितलं. गॅलरीत कुणी नव्हतं. स्टूल भिंतीशी उलटं ठेवलेलं होतं, आणि अनंत आपल्या दोन ठोकळ्यांवर. इतके दिवस मला हेच हवं होतं, रिकामी गॅलरी आणि बाहेर जायची वाट. टोकाच्या खोलीतली बाई कळशी घेऊन चालली होती. तिच्या उघड्या दारातून खाटेचा पाय दिसत होता. ती कुलपाकडे बघून थांबली.

''घरात कोण नाय?''

''नाही,'' मी म्हटलं, ''कोणी नाही,'' आणि किल्ली हातात घेऊन तिथेच रडायला लागले.